उशिरा आलेल्या बायका

मानकोलीच्या एका गोदामात मी पॅकिंगला होते, तेव्हाची गोष्ट. आठवड्याला एकच सुट्टी, माझी मंगळवारची. त्या मंगळवारी वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. सोमवारी शिफ्ट सुटताना एचआरचे साहेब आले आणि म्हणाले, "उद्या ज्यांची सुट्टी आहे त्या सगळ्या बायकांनी सकाळी नऊला हॉलवर यायचं. मोठे वक्ते येतायत, प्रेरणा द्यायला. हजेरी लागणार."

"सर, उद्या माझी सुट्टी आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच तर. कामाच्या दिवशी कुठे वेळ असतो तुम्हाला?"

डॉक्टरची वेळ पुढे ढकलली आणि नऊला पोचले.

हॉल लग्नाचा. आदल्या दिवशीच्या अक्षता अजून पायाखाली येत होत्या. बायकांच्या मानाने खुर्च्या निम्म्याच होत्या. पाण्याचा जार आडवा पडलेला, रिकामा. आमच्या वस्तीत जयंतीला हजार माणूस जेवून जातो, पण पाण्यावाचून कुणी परतत नाही. इथे तर कंपनीचा कार्यक्रम होता.

दहा वाजले तरी वक्त्यांचा पत्ता नव्हता. साहेबांनी अभिप्रायाचे फॉर्म वाटले. "नंतर घाई होईल, आत्ताच भरून ठेवा." पहिलाच प्रश्न होता, 'कार्यक्रमानंतर तुम्हाला स्वतःमध्ये कोणता बदल जाणवला?'

माझ्या लाइनीवर वळ गावची एक मावशी होती, पन्नाशीची. तिने फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "काय लिवू गो? तहान लागली हाय, असं लिवू?"

अकरा वाजले, साडेअकरा वाजले. संडासाला कुलूप होतं. वॉचमन म्हणाला, चावी मॅनेजरकडे आणि मॅनेजर ठाण्याला गेलाय. एका मुलीची पाळी सुरू होती. ती भिंतीला टेकून उभी होती, चेहरा उतरलेला. शेवटी मी आणि मावशी तिला घेऊन बाहेर पडलो. आमच्या मागे आणखी दहा-बारा जणी आल्या.

हॉलच्या मागच्या घरात एक बाई ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. मी चाचरत विचारलं. त्या उठल्याच. "हॉलवाल्यांचा नेहमीचाच हाय ह्यो. या गो बायांनो, आत या." एकेक करून आम्ही आत जाऊन आलो. त्यांनी तांब्या भरून पाणीही दिलं. ना ओळख, ना पाळख.

परत आलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. दारात गाडी उभी होती आणि स्टेजवर कोटातले वक्ते माईक घेऊन उभे होते. आम्ही आत शिरताच ते थांबले.

"सगळ्यांनी मागे बघा! यश दार ठोठावत असतं, तेव्हा काही लोक असे फिरायला गेलेले असतात. या उशिरा आलेल्या ताईंसाठी जोरदार टाळ्या!"

आणि टाळ्या वाजल्या. थोड्याच, पण वाजल्या.

माझे कान तापले. गोदामात संडासला गेलो तरी स्कॅनर किती मिनिटं बंद होता ते सुपरवायझर विचारतो. हा माणूस साडेतीन तास उशिरा आला होता आणि त्याला विचारणारं कुणी नव्हतं.

"सर, तुम्ही किती वाजता आलात?" मी विचारलं.

ते हसले. "ताई, निगेटिव्ह विचार सोडा."

"आम्ही नऊपासून इथे आहोत. इथल्या संडासाला कुलूप आहे. मागच्या घरात जाऊन आलो."

साहेब धावत आले. "ताई, खाली बसा."

"कशावर बसू? खुर्ची द्या."

कुणीतरी हसलं. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मावशी ओरडली, "आमची सुट्टी खाल्ली, आन् वर आमालाच हसताय?"

वक्त्यांनी घाईघाईने पडद्यावर पुढचं चित्र लावलं, 'ग्राहकाच्या डोळ्यांत बघून बोला.' भाषण माल विकणाऱ्यांसाठी बनवलेलं होतं. आम्ही कोण, हेसुद्धा त्यांनी विचारलं नव्हतं. पुढच्या रांगेतून एक जण ओरडली, "हमको ग्राहक दिखता किधर है, भाईसाब? खोका दिखता है, खोका!"

त्यानंतर कुणी थांबलं नाही. साहेब दारात हात पसरून म्हणत होते, "निदान एक फोटो तरी!" आम्ही त्यांच्या बाजूने निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "कंपनीची लाज काढलीत तुम्ही." मी बदली सुट्टी मागितली. "हजेरी लावलीय ना?" म्हणाले. मग आम्ही अर्ज लिहिला. पहिली सही मावशीची. साहेबांनी आठवडाभर तो टेबलावर पडून राहू दिला आणि नंतर एकेकीला सुट्टी दिली. चूक झाली, असं मात्र कुणी म्हटलं नाही.

टाळ्या वाजवणाऱ्यांत माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण होती. कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिला गाठलंच.

"तू कशाला वाजवल्यास?"

"त्यांनी सांगितलं म्हणून," ती म्हणाली. "हात आपोआप उठले गं."

मी डबा उचलला आणि दुसरीकडे जाऊन बसले. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिच्यावर राग काढणं चुकीचं होतं, हे तेव्हाही कळत होतं. पण ज्याच्यावर काढायचा, तो कोट घालून निघून गेला होता.