मी नीतिमान व्हायला निघाले तेव्हा

नाताळापासून मी प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये प्रभूच्या आठवणीत वाटतात ती भाकर आणि द्राक्षारस, घेतलं नव्हतं. कारण सांगायचीही लाज वाटते. नाताळच्या फराळाला मंडळीतल्या सगळ्या बायांसमोर माझी जाऊ म्हणाली, हिच्या करंज्या तेलात फुटल्या. मी गप्प बसणारी थोडीच! म्हटलं, "तुह्या अनारशानं तं मामंजीचा दात पाडला!" झालं. तेव्हापासून दोघींचा अबोला.

पुढं भाकरीचं ताट आलं की वाटायचं, अशा तोंडानं कशी घेऊ? आधी चांगली होते, मग घेते. म्हणून प्रभुभोजन सुरू झालं की मी चपला घालून निघायचे, आणि घरी येईपर्यंत जीव तुटायचा. पाळकसाहेब उपदेशात कितीदा सांगत की नीतिमत्त्व हे देवाचं दान आहे, ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याला ते फुकट मिळतं, कमावता येत नाही. मी मान डोलवायचे. पण फुकटचं घेणं आमच्या माहेरी कुणाला जमलंच नाही!

मग मी चाळीस दिवसांचा उपास धरला. दिवस मावळेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही आणि कुणावर रागवायचं नाही. उपास सोपा गेला. राग मात्र पहिल्याच सकाळी दूधवाल्यावर निघाला. रोज नव्यानं सुरुवात करायची आणि रोज नऊच्या आत बुडवायची. तरी शेजारणींना ऐकवायचे, "आमच्या उपासाले साबुदाणा चालत नाही बरं!"

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी जळगाव जामोदला आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. जाऊ सकाळीच पुढं गेली होती. मी ठरवलं, आजचा शेवटचा दिवस तरी निभवायचा आणि लायक होऊनच मेजापाशी जायचं. नांदुऱ्याच्या स्टँडवर ही गर्दी! जागा धरायला रुमाल सापडेना, म्हणून बायबलची पिशवीच खिडकीतून सीटवर टाकली. आत चढले तर तिथं एक भाजीवाली मावशी बसलेली, माझी पिशवी मांडीवर घेऊन.

"उठा! माही जागा हाय ते."

"या ना बाई, सरकते मी थोडी."

"सरकता काऊन? उठाच! चाळीस दिवसाचा उपास हाय माहा. देवाच्या कामाले चालली मी!"

सगळी बस बघायला लागली. मावशी मुकाट्यानं उठली, पिशवी कपाळाला लावून माझ्या हातात दिली आणि दांडा धरून उभी राहिली. मी बसले. जागा मिळाली, चाळीस दिवस गेले.

पूर्णेच्या पुलापाशी डोळ्यांपुढं अंधारी आली. भान आलं तेव्हा शेजारी येऊन बसलेल्या त्याच मावशीच्या खांद्यावर माझं डोकं होतं आणि ती फडक्यातून भाकर-ठेचा काढत होती.

"खा."

"उपास हाय. अन् तुमच्यावर एवढी वरडली मी..."

"ते पाह्यलं. खा आता."

"आमच्यात नाही चालत."

तिनं माझ्याकडं मोठ्या काळजीनं पाहिलं. "लय कडक हाय का वो बाई, तुमचा देव?"

अख्खी बस उत्तराची वाट पाहत होती. माझा देव प्रीती आहे, असं मी जन्मभर लोकांना सांगत आले. आणि आज ही बाई त्याच्यापायी माझी कीव करत होती.

"नाही वो मावशी," मी म्हटलं, "देव नाही कडक. मीच कडक हाय." आणि रडत रडत घास घेतला. ठेचा असला जहाल होता की रडण्याला निमित्त मिळालं. तिला त्या सीटवर देवानंच बसवलं होतं, असं मला आजही वाटतं. कुणाला पटो न पटो, मी वाद घालत नाही.

संध्याकाळी चर्चमध्ये जावेशेजारी जाऊन बसले. माफीचं मोठं भाषण पाठ केलं होतं, त्यात अर्धी चूक तिचीही घातली होती. ते सगळं विसरले. नुसतं म्हटलं, "चुकलं माहं."

"हाव, चुकलंच," ती म्हणाली आणि तिनं माझा हात घट्ट धरला.

पाळकसाहेब ताट घेऊन समोर आले. दाखवायला माझ्याकडं काही म्हणजे काही नव्हतं. उपास मोडलेला, शपथ मोडलेली, तोंडाची आग अजून गेलेली नाही. प्रभू, तू माझी लायकी कधी विचारलीच नव्हतीस, मीच सांगत बसले होते. तुझे उपकार कसे फेडू, हेही त्या दिवशी मनात येऊ दिलं नाही. दोन्ही हात पुढं केले आणि घेतलं.