एसेझाला कुणाचं रडणं खरं वाटत नसे

चर्चमागे रेव्हरंड आणि चर्चच्या मंडळीतले वडीलधारे बाशाइजा यांचं भांडण चाललं होतं, आणि भिंतीपलीकडे बारा वर्षांची एसेझा पेरू तोडत होती. "गेल्या खेपेला मी रडलो," बाशाइजा दबक्या आवाजात म्हणत होते. "बकरी चोरली म्हणून सांगितलं. आता बिशप येताहेत, तर तुम्ही रडा."

"मी रडलो तर प्रवचन कोण देईल?" रेव्हरंड म्हणाले.

कबालेच्या डोंगरात आमची तारण पावलेली माणसं आपलं पाप सभेत उभं राहून सांगतात. ज्याचं वाईट केलं त्याने "माफ केलं" म्हणायचं असतं. तोवर ते पाप कच्च्या घेवड्यासारखं पोटात दुखत राहतं. एसेझा मात्र त्या दिवसापासून रडणाऱ्याचे डोळे बघत नसे, बाही बघे, ओली आहे की कोरडी. ढोंगी होते, नाही कोण म्हणतो? एक बाबा तर दरवर्षी सभेत तेच एक कोंबडं चोरायचा. पण सात अंडी नासकी निघाली म्हणून आठवं न फोडताच फेकायचं, ही एसेझाची अक्कल.

पुढे तिचं लग्न झालं. नवरा येरेमिया. पोरांच्या तोंडची ज्वारी त्याने दारूच्या घागरीत घातली होती. एका रविवारी तो सभेत उभा राहिला आणि तिचं नाव घेऊन माफी मागितली. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"नव्याचे नऊ दिवस," एसेझा म्हणाली. "दहाव्या दिवशी विचारा."

दहावा दिवस गेला, दहावं वर्ष गेलं. येरेमियाने थेंब घेतला नाही. अधूनमधून तो विचारी, ही "बघू" म्हणे आणि पातेलं घासत बसे. मग खोकल्याने त्याने अंथरूण धरलं.

"एसेझा, तेवढं एक म्हण."

"आधी बरे व्हा, मग बघू."

तो काही बरा झाला नाही.

पुढच्या सभेत ती स्वतःच उभी राहिली. माफी द्यायची राहिली, हे पाप सांगायला. तोंड उघडलं, डोळ्यांना धार लागली, आणि हात आपसूक बाहीकडे गेला. ती खाली बसली. शेजारच्या युनियाला म्हणाली, "माझंच मला खरं वाटेना गं. देवाला काय वाटणार?" लोकांवर सोडायला पाळलेलं कुत्रं घरधनिणीलाच चावलं.

त्यानंतरही ती दर शनिवारी चर्चच्या जमिनीवर ताजं गवत अंथरायला जात राहिली. प्रार्थना मात्र कधी नाही. मेली त्या आठवड्यातही गेली. भारा डोक्यावर, धाप लागलेली. युनिया म्हणाली, आजच्या दिवस राहू दे की.

"टोचेल त्यांच्या गुडघ्यांना," एसेझा म्हणाली. "खोटे असले तरी गुडघे मऊच त्यांचे."

तिने जुनं गवत काढून गुरांना टाकलं, कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत ताजं पसरलं, आणि दार ओढून घेतलं.