जिन्याखालचा बुधला

नवऱ्याची दारू सुटून सात महिने झाले होते, आणि घरात दारू करायला परवानगी दिली ती मीच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे सगळा दोष त्याच्या एकट्याच्या माथी जायला नको.

ब्रिस्टलच्या आमच्या भाड्याच्या घरामागे सफरचंदाचं झाड आहे. फळं आंबट आणि तुरट, कुणाला द्यायचीही सोय नाही. तो त्या दिवसांत कशातच नसायचा. जेवायला बसला की ताटाकडे बघत राहायचा. एका शनिवारी मात्र सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, कसं करतात ते कुठून तरी वाचून आला आणि सलग अर्धा तास बोलला.

"मध घालून केलं की त्याला सायझर म्हणतात. पण मिनिमम वन इयर ठेवावं लागतं, अगं. मी वर्षभर हात न लावता ठेवून दाखवतो. मग तरी बिलीव्ह करशील?"

शहाण्या बाईनं तिथंच नाही म्हटलं असतं. मी तर दर रविवारी बुद्धवंदनेला बसणारी. पाचवं शीलच मद्यापासून दूर राहण्याचं. पण मला त्याचं बोलणं हवं होतं. मी बरं म्हटलं, वर मधाच्या चार बरण्याही आणून दिल्या.

सफरचंदं वाटता वाटता नागपूरहून आणलेला मिक्सर जळाला. उरलेल्या फोडी आम्ही लाटण्यानं ठेचल्या आणि माझ्या जुन्या ओढणीतून रस पिळला. घरभर जळका वास, हात चिकट, आणि तो हसत होता. आता आमचं सगळं सुरळीत होणार, असं मला त्या दिवशी अगदी मनापासून वाटलं. रस, मध आणि यीस्ट काचेच्या मोठ्या बुधल्यात गेलं, तोंडाला आतली हवा बाहेर सोडणारा एअरलॉक बसला आणि बुधला जिन्याखाली गेला. काही आठवडे त्यात बुडबुडे येत राहिले, मग थांबले.

कामावर निघताना मी रोज वाकून बघायची. बुधला काठोकाठ भरलेला असायचा. हिवाळ्यात गाळ खाली बसला, उन्हाळ्यापर्यंत रंग निवळून छान सोनेरी झाला. नवरा अगदी बरा आहे, असं मी आईला फोनवर सांगायची. कधी तो लवकर झोपायचा, कधी उगाच चिडायचा. कामाचा ताण असेल, असं मी म्हणायची. कारणं शोधण्यात मी पटाईत झाले होते.

वर्ष भरलं त्या दिवशी तो बाटल्यांची बुचं आणायला दुकानात गेला. मला राहवेना. जन्मात दारूचा थेंब जिभेला लावला नव्हता, पण हे त्याचं वर्ष होतं, ते मला चाखायचं होतं. पहिल्या चमच्याला वाटलं, मद्य असंच लागत असेल. दुसऱ्या चमच्याला कळलं. थंड, पातळ, बिनदुधाचा चहा होता तो.

मी फरशीवरच बसले. थोडं थोडं काढून किती महिने तो रंग जुळवत होता कोण जाणे. इतकी काळजी त्यानं माझी कधी घेतली नव्हती.

तो आला, माझ्या हातातला चमचा बघितला आणि दारातच थांबला.

"टेस्ट केलंस?"

"हो."

"कसं झालंय?"

मी भांडायला तोंड उघडलं. पुढचं सगळं मला पाठ होतं. त्याचं रडणं, शपथा, जीपी डॉक्टरची अपॉइंटमेंट, आणि पुन्हा दारू सोडल्याचा तो पहिला महिना. माझ्यात आता तेवढं बळ नव्हतं.

"अजून कच्चं आहे," मी म्हटलं. "आणखी एक वर्ष ठेवू या."

"हो," तो लगेच म्हणाला. "ठेवू या."

तो बुधला आत सरकवायला लागला. भरलेला बुधला एकट्याला सरकत नाही, म्हणून मीही हात लावला.