पणजोबांना पलटणीतून का काढलं

पणजोबा ब्रिटिशांच्या पलटणीत होते हे आमच्या भावकीत सगळ्यांना मान्य होतं. ते परत कसे आले, यावरच फाटे फुटायचे. लग्नात पंगत बसली की कुणीतरी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हळूच टोचणार : तुमचा आजा काय, गोऱ्याने हाकललेला शिपाई. अण्णा हसून पाणी प्यायचे. माझं मात्र डोकं फिरायचं. अण्णांनी ऐंशी ओलांडली तेव्हा मी ठरवलं, बास झालं, आता छडा लावायचाच.

घरात पुरावा एकच, पहिल्या महायुद्धातलं चांदीचं पदक. त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर कोरलेला असतो असं कळलं, आणि मी ते घेऊन खिडकीशी धावले. कड गुळगुळीत! आमच्याकडे दर चौदा एप्रिलला, जयंतीला, पदक घासून, हार घालून तसबिरीसमोर ठेवायची पद्धत. आधी आजीने, मग आईने रांगोळी घेऊन असं काही लख्ख घासलं होतं की नंबर जवळजवळ गायब. आईवर मी चिडले, तर तीच माझ्यावर उखडली. चार लोकांत काय काळं पडलेलं ठेवायचं होतं का, म्हणे.

मग मोबाइलचा टॉर्च तिरका धरून, भिंग लावून मी खोलीत पालथी पडले. एक आकडा दिसला. पुढचा दिसला. अंगावर काटाच आला. शेवटचा तीन की आठ, यावरून मायलेकींची पुन्हा जुंपली, म्हणून दोन्ही नंबर लष्कराच्या अभिलेख कार्यालयाला पाठवून दिले.

उत्तर आलं तेव्हा मी लोअर परळला ऑफिसात होते. मीटिंग गेली खड्ड्यात. टॅक्सीने वरळी गाठली, बीडीडी चाळीचे जिने एका दमात चढले आणि धापा टाकतच अण्णांना वाचून दाखवलं. वर्तणूक : अतिशय चांगली. डिस्चार्जचं कारण : पलटण मोडली. लढाई संपली, गरज सरली, आणि सरकारने आमच्या महारांची ती अख्खी पलटणच बंद करून टाकली होती. पणजोबांना हाकललं नव्हतं! मी अक्षरशः नाचत होते, आई डोळे पुसत होती.

अण्णांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मी मोठ्याने वाचलं.

"म्हणजे त्याला एकट्याला नाही काढलं," ते म्हणाले. "आपल्या सगळ्यांनाच काढलं."