बिभीषणची माळ

उजनीच्या पाण्याकाठच्या त्या गावात कुणाचं लग्न असो, कुस्तीचा फड असो की ग्रामपंचायतीचा निकाल, फटाक्यांची माळ पेटवायची ती बिभीषणनंच. बापापासून चालत आलेला मान तो. पण गडी भलताच घाईचा. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! २०१९ला सगळं गाव टीव्हीपुढं जागत बसलं होतं. यान चंद्राजवळ आलं, एवढं ऐकलं अन् ह्या पठ्ठ्यानं बाहेर जाऊन माळ लावून दिली. धूर विरतोय तोच बातमी आली, यानाशी संपर्क तुटला.

झालं! 'बिभीषणनं यान पाडलं,' असं गावानं ठरवूनच टाकलं. लग्नातसुद्धा माळ दुसऱ्याच्या हाती जाऊ लागली. लोक हसायचे, तोही हसायचा. घरी बायकोला मात्र म्हणायचा, "फुला, लई लागतंय गं जिवाला."

२०२३च्या ऑगस्टात नवं यान चंद्राशी पोचलं. त्याची लेक सृष्टी गावातच विज्ञान शिकवायची. ती म्हणाली, "आण्णा, मागं काय चुकलं ते हुडकून सुधारलंय त्यांनी. यानाचे पाय बी मजबूत केल्यात. माळ तुमीच लावायची."

सरपंच हिंदुराव उखडले. "पुन्ना ती पनवती नको!"

"यान ह्यांच्या माळंनं पडलं, मग तुमी निवडून बी ह्यांच्याच माळंनं आला म्हणायचं की!" फुलाबाईनं फाडकन सुनावलं. "बरं, लावू द्या त्यालाच," हिंदुराव पुटपुटले.

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात पडदा लागला. बिभीषण काडेपेटी घेऊन माळेपाशी उभा राहिला. यान खाली येऊ लागलं तशी त्यानं एक काडी बाहेर काढली.

"उतरलं! लाव, लाव!" लोक ओरडले. हिंदुराव तर पळतच आले. "आरं, वाट कुणाची बघतुयास?"

"थांबा. तितनं सांगू द्या आदी."

जन्मात पहिल्यांदाच तो कुणाला थांबा म्हणाला होता.

मग पडद्यावरची शास्त्रज्ञ मंडळी उठून टाळ्या वाजवू लागली. यान चंद्रावर उतरल्याचं जाहीर झालं. सृष्टीनं हात उंचावला. बिभीषणनं काडी ओढली, ती मोडली. दुसरी धरणावरच्या वाऱ्यानं विझली. तिसऱ्या काडीला हिंदुरावांनी स्वतः दोन्ही हातांचा आडोसा धरला.

माळ तडतडली अन् गाव नाचू लागलं.

"बिभीषणनं यान उतरवलं!" कुणीतरी ओरडलं, अन् मग सगळेच ओरडू लागले.

बिभीषणचे डोळे भरून आले. उपरण्यानं ते पुसत तो म्हणाला, "व्हय, उतरवलं की!"