देवाच्या फोटोमागचा लाल दिवा

मंडळी, सांगतेय मी आणि टाइप करतेय नात, कारण मला अक्षरं येत नाहीत.

आज दहाला तिची ओझरला नोकरीची मुलाखत होती. गाडी आमची जुनी, चालवणारा माझा मुलगा, एकलहऱ्याला वीज केंद्रात नोकरीला. आडगावजवळ हॉर्न मांजरासारखा बारीक वाजायला लागला. तेवढ्यात मीटरच्या काचेवर चिकटवलेला कागदी गणपती मला आतून लाल उजळलेला दिसला. मी हात जोडले.

"आई, ऊन पडलंय त्यावर."

"ऊन समोरून माझ्या डोळ्यांत येतंय, बाळा. गाडी थांबव."

त्याने फोटो सोलला. मागे लाल दिवा पेटलेला होता, त्यात एका डब्याचं चित्र आणि डब्यावर दोन बोंडं.

"बॅटरी चार्जच होत नाहीये," तो पुटपुटला.

"जिल्ह्याला वीज देतोस आणि घरच्या गाडीला नाही?"

इंजिनाचा पट्टा सैल झाला होता. त्याने तो पान्याने ताणला, पण बॅटरी उतरल्यामुळे गाडी सुरू होईना, म्हणून मुलाखतीच्या साडीतल्या नातीने आणि मी धक्का दिला. दहाला पाच कमी असताना पोचलो.

त्या दिव्यावर एकही अक्षर नव्हतं. माझ्यासारखीलाही कळावं म्हणून कुणीतरी ते चित्र काढलं, आणि आम्ही त्यावरच देव बसवला.

तुमच्या गाडीत देव कुठे बसलाय?