गरुडाच्या छातीचं हाड

आधी मुद्द्याचं लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा उठून अंगणात फेऱ्या मारीन. त्या बुरूडाचा बांबू कच्चा नव्हता.

साल त्रेपन्न असेल किंवा चोपन्न. दवनीवाड्याजवळच्या एका गावात मी शाळेत चित्रकला शिकवत होतो. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, भर दुपारी दंडार व्हायची, सोंगं घेऊन नाचगाणं. त्या वर्षी गावाला बैलगाडीवर उभा राहून पंख हलवणारा गरुड हवा होता. हात माणसाचे, पंख पक्ष्याचे. काम माझ्याकडे आलं.

नुसती पिसं रंगवायची नाहीत, आधी सांगाडा काढायचा, असं मी ठरवलं. धानाच्या बांधावर मरून पडलेल्या सारसाची हाडं मी राखेनं घासून घरी ठेवली होती. शाळेतल्या तक्त्यावरून माणसाच्या फासळ्या घेतल्या, सारसावरून पंख. माणसाच्या खांद्याच्या फऱ्यामागे, त्या चपट्या हाडामागे, पंखासाठी दुसरा फरा बसवला. कागदावर तो प्राणी असा दिसे, जणू कुणी जमिनीतून उकरून काढला आहे.

एकच हाड वगळलं. पक्ष्याच्या छातीवर नांगराच्या फाळासारखं हाड पुढे आलेलं असतं. पंख ओढणारं मांस त्यालाच धरून असतं. सारसाचं ते हाड माझ्या टेबलावर होतं. पण ते लावलं तर गरुड कोंबडा दिसेल, असं मला वाटलं.

कागदावरून बांबूचा सांगाडा बांधायला आलेला बुरूड माझ्या दुप्पट वयाचा. त्यानं कागद बराच वेळ पाहिला.

“गुरुजी, याले छातीच नाही जी. पंख पाठीतून नाही चालत. कोंबडी कापताना पाहा ना कधी.”

मी म्हणालो, मामा, हा देव आहे, कोंबडी नाही. भोवतीचे हसले. पुढून बांबूची एक जाड कामटी छातीला आवळू, हारांखाली झाकून जाईल, असं त्यानं दोनदा सांगून पाहिलं. मी ऐकलं नाही. मग त्यानं कागदाबरहुकूम बांधलं.

गरुड झालेला तरुण शेतकरी गाडीवर चढला. दोरी ओढली, पंख उघडले, बायांनी हात जोडले. चौथ्या-पाचव्या ओढीला पाठीवरचा बांबूचा फरा पिळवटून मोडला आणि तो तरुण पंखांसकट गाडीवरून खाली आला. त्याचं गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलं. तो हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही.

लोक बुरूडाभोवती जमले. कच्चा बांबू लावला म्हणाले. तो माझ्याकडे वळला.

“गुरुजी, कागदाचं सांगा ना जी.”

कागद माझ्या पिशवीत होता. मी म्हणालो, “कागद बरोबर होता.”

त्या हंगामात त्याची सुपं, टोपल्या कुणी घेतल्या नाहीत. पुढच्या मंडईआधी तो बायकोला घेऊन देवरीकडे जंगलकामाला गेला. मी दोनदा देवरीची बस धरली. एकदा अर्ध्या वाटेत उतरलो. एकदा पोचलो, स्टँडवर चहा घेतला आणि त्याच बसनं परतलो. तो शेतकरी म्हातारपणी माझ्या ओसरीवर येऊन बसायचा, त्या बुरूडानं माझा हात खाल्ला म्हणायचा, आणि मी त्याला पान करून द्यायचो.

आता दोघेही नाहीत. कागद आहे. काल त्यावर पेन्सिलीनं ते हाड काढलं, मग वरून हार काढले. हाड झाकलं गेलं. गरुड कोंबडा दिसत नाही.